गावाची गोष्ट : चुना नसलेली घरं

तुमच्या घराच्या भिंतींतलं सिमेंट कुणी काढून घेतलं तर? "बाप रे, घर कोसळेल की!" असंच म्हणाल ना? पण इटलीत एक गाव असं आहे, की जिथे घर बांधताना चुना वापरायलाच बंदी होती. का? तर घर चटकन पाडता यावं म्हणून!

गावाचं नाव आल्बेरोबेल्लो. इटलीचा नकाशा उघडा. बुटासारखा दिसतो ना? त्या बुटाच्या टाचेकडे पुल्या नावाचा प्रांत आहे. तिथे ओकच्या जंगलात शेतकरी येऊन राहू लागले. जमीन होती कॉन्वेर्सानोच्या काउंटची, म्हणजे तिथल्या सरंजामदाराची. आता नेपल्सच्या राज्यातला नियम असा, की नवं गाव वसवायचं तर परवानगी घ्या आणि कर भरा. काउंटला शेतकरी हवे होते, कर मात्र नको होता! मग हुकूम सुटला : नुसते दगड रचून घरं बांधा. राजाचा माणूस तपासणीला येतोय असं कळलं, की घरं पाडायची. तो येऊन बघतो तर काय, दगडांचे ढीग! गाव आहेच कुठे? १६४४ साली ही युक्ती खरोखरच वापरली गेली.

काउंटचं फावलं, पण घर मोडलं ते गरिबाचं. शिवाय कुणी काउंटच्या मनाविरुद्ध वागलं, तर त्याचंही घर असंच मोडून त्याला हाकलता येई.

या घरांना म्हणतात 'त्रुल्लो'. घुमट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आलं. चुनखडीचे दगड तिथे भरपूर. आपल्या कोकणातला गडगा रचतात, तशा जाड भिंती रचायच्या. मग वर दगडांचं एकेक कडं थोडं थोडं आत सरकवत न्यायचं. कडी लहान होत होत शेवटी छप्पर टोकाला मिटतं. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला धरून असतो. कसं ते बघायचंय? टेबलावर वह्यांच्या दोन चळती जवळजवळ लावा आणि वरची प्रत्येक वही बोटभर आत सरकवत जा. चळती मध्यावर भेटतील!

अठराव्या शतकाच्या अखेरीस गावात साडेतीन हजारांहून जास्त माणसं राहत होती. तरी ती काउंटचीच रयत. शेवटी गावानं थेट राजाकडेच दाद मागितली आणि २७ मे १७९७ रोजी राजा चौथा फेर्दिनांद यानं त्यांना काउंटच्या सत्तेतून मुक्त केलं. तेव्हाच गावानं आल्बेरोबेल्लो हे नाव घेतलं.

आता या नावाची गंमत ऐका. इटालियनमध्ये 'आल्बेरो' म्हणजे झाड आणि 'बेल्लो' म्हणजे सुंदर. झालं, 'सुंदर झाड'! पण थांबा. इथल्या जंगलाचं जुनं लॅटिन नाव होतं 'सिल्वा आर्बोरिस बेल्ली'. संस्कृतसारख्या लॅटिनमध्येही विभक्ती असतात बरं का! 'बेल्लुम' म्हणजे युद्ध, त्याची षष्ठी 'बेल्ली'. म्हणजे 'युद्धाच्या झाडाचं जंगल'! 'सुंदर' म्हणायचं असतं तर? लॅटिनमध्ये झाड स्त्रीलिंगी, म्हणून तिथे 'बेल्ली' नव्हे, 'बेल्लाए' हवं होतं. व्याकरणाचा कौल युद्धाच्या बाजूनं पडतो. पण इटालियन कानांना त्यात 'सुंदर'च ऐकू येतं.

सुटका झाल्यावर त्याच वर्षी फ्रांचेस्को दामोरे यांचं घर उभं राहिलं, चुन्यानं पक्कं केलेलं! गावातलं हे असं पहिलंच घर. 'कासा दामोरे' या त्याच्या नावाचा अर्थ 'प्रेमाचं घर' असाही होतो, पण मुळात ते आडनाव आहे.

आणि ती झटपट पाडायची घरं? ती अजून उभी आहेत. मोंती या एका भागातच हजाराहून अधिक त्रुल्ली आहेत. १९९६ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा ठरवलं. आता ती पाडायची नाहीत, जपायची!

तुमच्या गावाच्या नावात कुठलं झाड लपलंय का? आजी-आजोबांना विचारून बघा बरं!