न दिसणारा थकवा

ताप मोजता येतो, जखम दिसते. थकवा मात्र सांगावा लागतो आणि ऐकणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. 'मायस्थेनिया ग्रेव्हिस' या दुर्मीळ विकाराच्या रुग्णांना हा विश्वासच सहसा मिळत नाही.

रोगप्रतिकारशक्तीचे काम शरीराचे रक्षण करण्याचे. या विकारात मात्र कुंपणच शेत खाते. रक्तातील प्रतिपिंडे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करतात. मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. सकाळी टवटवीत असलेल्या माणसाच्या पापण्या संध्याकाळी मिटू लागतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, घास गिळणे कठीण होते. विश्रांतीनंतर बळ काहीसे परतते आणि नेमके हेच लोकांना ढोंग वाटते. वस्तुतः वापराने वाढणारा व विश्रांतीने कमी होणारा अशक्तपणा हीच या विकाराची खूण आहे.

१९३४ साली डॉ. मेरी वॉकर यांनी औषधाने हे बळ तात्पुरते परत आणता येते, हे दाखवून दिले. आज औषधोपचारांमुळे अनेक रुग्ण आपापला व्यवसाय सांभाळतात. अभिनेते अमिताभ बच्चन यांनीही या विकाराच्या निदानानंतर दीर्घकाळ काम केले आहे. मात्र काही प्रतिजैविकांनी हा विकार बळावतो. म्हणून कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी आणि श्वास अडखळू लागताच रुग्णालय गाठावे.

बाकीचे औषध समाजाच्या हाती आहे. कामाच्या मध्ये थोडी विश्रांती आणि 'आळशी' हा शिक्का मारण्यापूर्वी क्षणभर विचार, एवढे दिले तरी रुग्णाचा भार हलका होईल.