परीक्षणाचा खर्च कोणीं सोसावा ?

शेतीच्या नव्या साधनांची निवड करणें हें आजच्या शेतकऱ्याच्या कामांपैकीं एक अवघड काम होऊन बसलें आहे. पूर्वीं तिफण, वखर, डवरा हीं अवजारें गांवचा सुतार व लोहार करीत असे. त्यांत खोट निघाली तर करणाराचें घर चार पावलांवर होतें, आणि बलुतें खळ्यावरूनच न्यावयाचें असल्यामुळें त्यासही आपल्या कामाची लाज राखावी लागे. आतां वाशीम जिल्ह्यांतील सोयाबीन-तुरीचा शेतकरी बॅटरीचा फवारणी पंप, रुंद वरंबा सरीचें पेरणी यंत्र, सौर पंप, तणनाशकें, विद्राव्य खतें आणि भाड्यानें मिळणारा ड्रोन अशीं साधनें वापरूं लागला आहे. त्यांचा करणारा कोण व कोठें आहे, हें त्यास बहुधा ठाऊक नसतें. अशा स्थितींत त्याला कोणा तरी जाणत्याच्या अभिप्रायावर विसंबावें लागतें. आणि हल्लीं हा अभिप्राय मोबाइलवरील चित्रफितींतून घरबसल्या मिळतो.

अशीं परीक्षणें करणाऱ्या तरुणांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. त्यांतील कित्येक शेतकऱ्यांचींच मुलें आहेत. एखादें यंत्र शंभर कोसांवरील शेतांत कसें चालतें, हें रिसोड किंवा मानोरा तालुक्यांतील शेतकऱ्यास बसल्या जागीं पाहावयास मिळावें, हा लाभ लहान नव्हे. परंतु अभिप्राय कितीही गोड भाषेंत सांगितला असला, तरी त्यामागें एक प्रश्न उभा राहतोच. आणि तो प्रश्न असा कीं, हा अभिप्राय तयार करण्याचा खर्च कोणीं सोसला?

हा खर्च सोसण्याचे प्रकार अनेक आहेत. कोठें कारखानदार रोख रक्कम देतो. कोठें यंत्रच फुकट मिळतें व तें परीक्षकाच्या घरींच राहतें. कोठें कारखाना पाहण्यास नेण्याचा प्रवासखर्च व पाहुणचार होतो. चौथा प्रकार आमच्या वाचकांस समजण्यास सोपा आहे. चित्रफितीखालीं एक दुवा दिलेला असतो. त्यावरून जो माल विकला जाईल त्यावर परीक्षकास ठराविक टक्के मिळतात. ही अडतच होय. अडत घेणें हें पाप नव्हे. वाशीमच्या व कारंजाच्या बाजारांत आपला माल अडत्याच्या हातूनच जात आला आहे. परंतु अडत्या आपल्या दुकानाच्या पाटीखालीं बसतो, आणि त्यास कोणी न्यायाधीश म्हणत नाहीं. येथें मात्र अडत घेणाराच न्यायासनावर बसलेला दिसतो, आणि पाटी कोठेंच नसते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रायोजकाच्या पैशानें परीक्षक खोटें बोलूं लागतो, असें आम्ही म्हणत नाहीं. उघड खोटें बोलणारे थोडे, आणि ते लवकर ओळखूं येतात. पैशानें जें विकत घेतलें जातें तें बहुधा मौन असतें. पंपाची बॅटरी किती तास चालते तें सांगितलें जातें. पण दुसऱ्या हंगामांत तिची ताकद किती उरली, तें सांगितलें जात नाहीं. टाकी किती लिटरची तें सांगितलें जातें. पण झांकणाशीं गळती होऊन औषध पाठीवर ओघळतें कीं नाहीं, याबद्दल शब्द नसतो. जें सांगितलें तें सर्व खरें असूनही ऐकणारा फसतो. २०१७ च्या खरिपांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपणां सर्वांच्या स्मरणांत आहे. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं, व त्यांचा भार कोणा परीक्षकावर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु फवारणीच्या साधनाबद्दल जो बोलतो, तो मजुराच्या जिवाबद्दल बोलत असतो, एवढें त्या वर्षानें शिकविलें आहे. तेथें ठेवलेलें मौन स्वस्त नसतें.

हा रोग केवळ मोबाइलबरोबर आला असें मात्र नव्हे. त्याच यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा व अंतरगांव या दोन गांवांची हकीकत या बाबतींत मनन करण्याजोगी आहे. २००८ सालीं एका मोठ्या इंग्रजी दैनिकानें एक संपूर्ण पान भरून असें वृत्त दिलें कीं, बीटी कपाशीमुळें या गांवांचें दैन्य फिटलें आणि तेथें आत्महत्या उरल्या नाहींत. ज्या कंपनीचें हें बियाण्याचें तंत्र, तिनेंच बातमीदारांचा प्रवास घडवून आणला होता. पुढें ऑगस्ट २०११ मध्यें तोच मजकूर त्याच पत्रांत पुनः छापून आला. मात्र या वेळीं तो पैसे घेऊन छापलेली जाहिरात म्हणून. मे २०१२ मध्यें पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’ या दैनिकांत ही गोष्ट उघडकीस आणली. त्यांनीं असेंही लिहिलें कीं, संसदेची कृषिविषयक स्थायी समिति भांबराजास आली तेव्हां ग्रामस्थांनीं तिला आपल्या गांवांत चौदा आत्महत्या झाल्याचें सांगितलें. बीटी कपाशीच्या गुणदोषांचा निवाडा हा येथील विषय नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो मजकूर तीन वर्षांनीं एक अक्षर न बदलतां जाहिरात म्हणून चालूं शकला, तो पहिल्या दिवशीं बातमी म्हणून वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं काय पडलें ?

या बाबतींत आतां कायदा झाला आहे, व तो आपल्या वाचकांनीं जाणून घ्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केवळ कारखानदारासच नव्हे, तर तिची शिफारस करणारासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पुनः तोच अपराध घडल्यास ही मर्यादा पन्नास लाखांपर्यंत जाते, आणि शिफारस करण्यास कांहीं काळ बंदीही घालतां येते. जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनीं शिफारस करणाऱ्याचा मालकाशीं असलेला आर्थिक संबंध उघड करणें आवश्यक केलें. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें समाजमाध्यमांवरील मंडळींसाठीं याचा खुलासा केला : पैसा, फुकट वस्तु, प्रवास, भेट, यांपैकीं कांहींही घेतलें असल्यास तें लोकांस समजेल अशा भाषेंत व सहज दिसेल अशा जागीं सांगितलें पाहिजे.

हे नियम योग्यच आहेत. परंतु ते पुरेसे आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. पैसे घेतल्याचें सांगितल्यानें ऐकणारा सावध होतो हें खरें. पण जें सांगावयाचें राहून गेलें तें त्या घोषणेनें भरून निघत नाहीं. शेतकऱ्यास यंत्राची खरी माहिती हवी असते. ‘हें प्रायोजित आहे’ एवढें कळून त्याची सोयाबीन पेरली जात नाहीं.

शिवाय मालकाच्या पैशानें चालणारें प्रत्येक प्रकाशन निंद्य असतें असेंही नव्हे. १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक निघूं लागलें, तें लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याचेंच होतें. पण कारखान्याचें नांव मुखपृष्ठावरच होतें. आपण कोणाच्या घरचें बोलणें ऐकत आहों, याविषयीं वाचकास संशय नव्हता. स्वतःच्या मालाची स्तुति स्वतःच्या नांवानें करण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. हरकत आहे ती ती स्तुति शेजाऱ्याच्या तोंडून, निःपक्षपाताच्या वेषांत करविण्यास.

तसेंच मालकाचा पैसा घेतला म्हणून परीक्षण नेहमींच बिघडतें असें नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत विल्मॉट क्रोझिअर नांवाच्या शेतकऱ्यानें फोर्ड या नांवानें विकला जाणारा एक ट्रॅक्टर घेतला. त्या कंपनीचा प्रसिद्ध हेन्री फोर्ड यांच्याशीं कांहीं संबंध नव्हता, आणि ट्रॅक्टरही कुचकामाचा निघाला. क्रोझिअर पुढें कायदेमंडळांत निवडून गेले, व १९१९ सालीं तेथें असा कायदा झाला कीं, ट्रॅक्टरचा नमुना विद्यापीठांत तपासला गेल्यावांचून तो त्या संस्थानांत विकतां येऊं नये. १९२० पासून लिंकन येथें या चांचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे मध्यप्रदेशांतील बुदनी येथें केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टर व इतर यंत्रें तपासून अहवाल देते. अशा ठिकाणीं तपासणीचें शुल्क कारखानदारच भरतो. मग तेथें विश्वास कां ठेवावा ? कारण शुल्काचा दर ठरलेला व सर्वांस सारखा असतो. यंत्र चांगलें ठरलें म्हणून तें वाढत नाहीं, वाईट ठरलें म्हणून परत द्यावें लागत नाहीं. आणि निकालांत काय लिहावें हें पैसे भरणाराच्या हातीं नसतें. खरी कसोटी ती हीच. पैसा कोणाचा, याबरोबरच लेखणी कोणाच्या हातांत, हें पाहिलें पाहिजे.

परंतु सरकारी तपासणी प्रत्येक नव्या पंपास व प्रत्येक नव्या बाटलीस लगोलग पुरी पडूं शकत नाहीं. अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ व रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्र यांच्या शिफारशी आम्ही प्रथम पाहाव्या असें सांगतों. पण बाजाराचा वेग प्रयोगक्षेत्राच्या वेगाहून नेहमींच अधिक असतो. म्हणून शेतकऱ्यांच्या संस्थांनीं व त्यांच्या मासिकांनीं हें काम अंगावर घेतलें पाहिजे, आणि तें करतांना कांहीं बंधनें स्वतःवर घालून घेतलीं पाहिजेत.

पहिलें, परीक्षणाची वस्तु बाजारांतील दुकानांतून, आपली ओळख न सांगतां, पूर्ण किंमत देऊन विकत घ्यावी. अमेरिकेंतील ‘कन्झ्युमर्स युनियन’ ही संस्था १९३६ सालीं निघाली, ती आपल्या मासिकांत जाहिराती न घेतां याच रीतीनें चालत आली आहे. मालकानें परीक्षणासाठीं मुद्दाम निवडून पाठविलेला नमुना आणि दुकानांतला नमुना यांत अंतर असूं शकतें, हें बियाण्याची पिशवी फोडणारा प्रत्येक शेतकरी जाणतो. दुसरें, यंत्र महाग असल्यामुळें उसनें घ्यावें लागलें, तर कोणाकडून, किती दिवसांसाठीं घेतलें व केव्हां परत केलें, हें लेखाच्या माथ्यावरच छापावें. तिसरें, अभिप्राय छापण्यापूर्वीं मालकास दाखवूं नये. त्यास कांहीं सांगावयाचें असल्यास पुढील अंकांत त्याच्या नांवानें जागा द्यावी. चौथें, विक्रीवर अडत घेऊं नये. पांचवें, एका दिवसाच्या प्रात्यक्षिकावर निकाल देऊं नये. निदान एक हंगाम वापरून, जमीन, पाऊस, मजुरी व दुरुस्तीचा खर्च लिहावा, आणि जुन्या साधनाशीं शेजारींशेजारीं तुलना करावी. शेवटचें, ज्याची जाहिरात मासिकांत आहे त्याच्या मालाचा दोष सांपडल्यास तो तितक्याच ठळकपणें छापावा. जाहिरात गेली तर जाऊं द्यावी.

यावर कोणी म्हणेल कीं, हें बोलणें सोपें, पण पैसा कोठून आणावा ? खेड्यांतील तरुणास प्रवास, कॅमेरा व दिवसभराचा वेळ यांचा खर्च असतोच. तो प्रायोजकाकडे न गेला तर उपाशीं राहील. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर परीक्षकानें नव्हे तर आपण शेतकऱ्यांनीं द्यावयाचें आहे. जी वस्तु आपण फुकट ऐकतों तिची किंमत आपण नंतर दुकानांत भरतों. पांचशें सभासदांच्या संस्थेंत प्रत्येकानें वर्षास पन्नास रुपये वेगळे काढले, तर पंचवीस हजार रुपये होतात. तेवढ्यांत निरनिराळ्या कारखान्यांचे चार बॅटरी पंप विकत घेऊन एका हंगामांत कसास लावतां येतील, आणि हंगामानंतर ते सभासदांतच लिलावानें विकून बरीच रक्कम परत मिळेल. ट्रॅक्टर किंवा ड्रोन विकत घेण्याची ऐपत संस्थेस नसेल. पण ज्या सभासदांनीं स्वतःच्या पैशानें यंत्र घेतलें आहे, त्यांचे दोन हंगामांचे हिशेब एकत्र करून छापण्यास काय खर्च लागतो? ज्या तरुणास बोलण्याची व चित्रण करण्याची हातोटी आहे, त्यास हेंच काम संस्थेनें वेतन देऊन सांगावें. त्याचा धनी मग बाजार नसून शेतकरी होईल.

२०२० च्या खरिपांत विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनीं आल्या, व पुष्कळांस दुबार पेरणी करावी लागली. नुकसान झाल्यावर ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. शेतकरी हाही ग्राहकच आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं बियाण्याच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. परंतु गेलेली वापसा व गेलेला हंगाम कोणताही आयोग परत देऊं शकत नाहीं. म्हणून खरी माहिती पेरणीपूर्वीं हवी, आणि ती हवी असेल तर तिचा खर्चही आपणच उचलला पाहिजे. यंदाच्या वार्षिक सभांत आपापल्या संस्थांनीं हा विषय चर्चेस घ्यावा, आणि आधीं निदान एका वस्तूच्या परीक्षणापुरती वर्गणी मंजूर करावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.