पाच दिवसांचा कोर्स

रात्रभर दाढ ठणकल्यावर माणूस सकाळी दातांच्या दवाखान्यात जातो आणि फार वेळा एक चिठ्ठी घेऊन परततो: अमॉक्सिसिलिन, जोडीला मेट्रोनिडाझोल, पाच दिवस. ‘‘आधी इन्फेक्शन उतरू दे, मग दाढ बघू.’’ हे वाक्य बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये कानी पडते, तसेच डोंबिवलीत आणि साताऱ्यातही. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. माझ्या मते हा अपराध आहे आणि आपण सगळे त्यात सामील आहोत.

दाढेच्या आतली नस सुजली की तिथला रक्तपुरवठा तुटत जातो. गोळी जाते रक्तातून. जिथे रक्तच पोचत नाही तिथे ती करणार काय? नुसत्या ठणक्यावर उपाय एकच. दाढ उघडून सडलेली नस काढायची, नाहीतर दाढच काढायची, आणि तोवर वेदनाशामक द्यायचे. गाल सुजत चालला, ताप भरला, तोंड उघडेना, घास गिळेना, तर मात्र अँटिबायोटिक हवेच, आणि तेव्हा वेळ दवडणे जिवावर बेतू शकते. हा फरक दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवला जातो. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत तो पुन्हा स्पष्ट मांडला. म्हणजे ज्ञान आहे. ते वापरण्याची तयारी नाही.

दाढ उघडायला पाऊण तास लागतो, चिठ्ठी लिहायला पाऊण मिनिट. शिवाय चिठ्ठी दिली नाही तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल ही धास्ती असतेच. आणि रुग्णालाही चिठ्ठीच हवी असते. ऑफिसातून रजा मिळत नाही, सुईची भीती वाटते, रूट कॅनालचे पैसे जड जातात. ‘‘डॉक्टर, जरा पॉवरफुल गोळी द्या ना!’’ असे तोच म्हणतो. मग काही दिवसांत नस मरते, ठणका आपोआप थांबतो, श्रेय गोळीला जाते आणि दाढ आतल्या आत सडत राहते. पुढच्या वेळी तो डॉक्टरकडेही जात नाही, जुनी चिठ्ठी घेऊन सरळ मेडिकलमध्ये जातो. ‘‘चारच द्या.’’ स्ट्रिपवर ठळक लाल रेघ असते. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय हे औषध घेऊ नये, हा तिचा अर्थ लोकांना कळावा म्हणून सरकारने २०१६ मध्ये मोहीमही काढली. मेडिकलवाल्याची कात्री त्याच रेघेवरून जाते. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे बंधनकारक आहे, पण अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे तीन लाख माणसे दगावली, असा जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातला कोणता मृत्यू कोणत्या दाढेच्या चिठ्ठीपाशी सुरू झाला हे कुणी दाखवू शकणार नाही, आणि या अपराधाची मोठी सोय तीच आहे. रक्तात जंतुसंसर्ग झालेले तान्हे मूल अतिदक्षता विभागात एकेका औषधाला प्रतिसाद देईनासे होते, तेव्हा त्याच्या आईला आपण कधी भेटत नाही.

याच बंगळुरूत बगवर्क्ससारखी औषध-संशोधन कंपनी अनेक वर्षे एका नव्या अँटिबायोटिकसाठी झगडते आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिन देशातच बनावे, सामान्य माणसाच्या हाती यावे म्हणून. आधीच्या पिढीने एवढ्या कष्टाने मिळवलेले हे सगळ्यांच्या मालकीचे औषध, आपण आपली पाऊण तासाची गैरसोय टाळण्यासाठी उधळतो आहोत.

दंतवैद्यांनी प्रत्येक अँटिबायोटिकपुढे त्याचे कारण चिठ्ठीवर लिहावे: पसरती सूज, ताप, की नुसता ठणका. दंतमहाविद्यालयांनी आपल्याच बाह्यरुग्ण विभागातल्या चिठ्ठ्या दर महिन्याला तपासाव्यात आणि निकाल भिंतीवर लावावा. लाज वाटेल, वाटू द्या. रूट कॅनाल परवडत नाही म्हणून जो गोळ्यांवर दिवस काढतो, त्याच्यासाठी सरकारी रुग्णालयांत ही सोय वाढवणे सरकारचे काम आहे. आणि दाढ दुखणाऱ्या प्रत्येकाने खुर्चीत बसताच विचारावे, ‘‘डॉक्टर, दाढ आज उघडणार का?’’