सोवळ्याचे सूत

घरात पूजा घातली की यजमान सोवळे नेसून पाटावर बसतो. ऐपत असली तर ते कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे; त्यालाच मुकटा म्हणतात. सुती धोतर सोवळ्याला लावायचे तर दर वेळी धुवा, कुणाचा हात न लागता वाळवा. कोशाला एवढा जाच नाही. ते जात्याच शुद्ध, अशी समजूत. नेसल्यावर मात्र कुणी शिवायचे नाही. नातवानेही नाही.

हे जात्याच शुद्ध वस्त्र येते कुठून? भंडारा जिल्ह्याच्या जंगलात ढिवर कुटुंबे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पोसतात. पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करतात. कोसे तयार झाले की ते उकळायचे. आतला जीव आतच मरतो. मग बाई लुगडे वर सारून बसते. काही कोशांचे तंतू एकत्र ओढते आणि उघड्या मांडीवर तळहाताने घासून त्यांना पीळ देते. विदर्भापासून झारखंडापर्यंत टसरचे सूत असेच निघत आले. मांडीची कातडी सोलवटते. पदरात पडते तुटपुंजी मजुरी. पुढचे काम कोष्ट्याच्या मागावर.

म्हणजे त्या मुकट्याचे सूत एका बाईच्या मांडीवरून आलेले. तीच बाई नेसलेल्या मुकट्याला शिवली, तर कर्मठ घरात पुन्हा आंघोळ. वस्त्र धुतले की दोष जातो, असे उत्तर मिळेल. मिळू द्या. बाई आंघोळ करून आली तर तिचा दोष का जात नाही, याला उत्तर नाही.

याजकाच्या वस्त्राबद्दल याहून काटेकोर लोक जगात होऊन गेले. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात मुख्य याजक अहरोनाच्या पोशाखावर अख्खे अध्याय खर्ची पडले आहेत. सोन्याचा पत्रा ठोकून त्याच्या तारा काढल्या आणि त्या निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुतात विणल्या. झग्याच्या घेराला डाळिंबे आणि सोन्याची घुंगरे. गळा फाटू नये म्हणून त्याला विणलेला गोट. देवाच्या आज्ञेत गळ्याचा गोट! आणि तिथेच हेही लिहिले आहे की निपुण बायकांनी आपल्या हातांनी सूत कातले. मुख्य कारागीर यहूदा वंशातला बसालेल, त्याच्या जोडीला दान वंशातला अहलियाब. काम संपल्यावर त्यांचा पुढारी मोशे याने ते तपासले आणि करणाऱ्यांना आशीर्वाद दिला.

तिथे समता नांदत होती, असे कुणी समजू नये. याजकपण अहरोनाच्या वंशातच राहिले. बसालेलाने घडवले म्हणून तो झगा त्याला घालता येणार नव्हता. कातणाऱ्या बायकांची तर बातच नको. पण वस्त्र पवित्र ठरवताना ते कुणाच्या हातून आले, हे लपवावे असे त्यांना वाटले नाही. तेल शिंपडून ते पवित्र केले ते नंतर, सर्वांदेखत. आपल्याकडे कोसा आधीपासूनच शुद्ध मानला. त्यामुळे त्याला हात कुणाचे लागले, हे विचारायची वेळच कधी आली नाही.

2019 मध्ये केंद्र सरकारने मांडीवरचे हे काम बंद करण्यासाठी बायकांना ‘बुनियाद’ नावाची सूत काढायची यंत्रे वाटायला घेतली. कारणे दोन: सोलवटणारी कातडी आणि तुटपुंजी कमाई. इतक्या पिढ्या सोवळे नेसणाऱ्या देवघरांना त्यातले एकही सुचले नव्हते. आजही दुकानात सोवळे हातात घेतलेले गिऱ्हाईक एवढेच विचारते, कोसा अस्सल आहे ना?