घट्ट धरायचे की नेमके?

उद्यमबागेतल्या एखाद्या शेडमध्ये नवे मिलिंग मशीन आले, की घरची मंडळी हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. कर्जाचा हप्ता किती, हे आजीलाही ठाऊक असते. पण कटर कशात धरायचा, हा प्रश्न शेवटी येतो आणि उरल्यासुरल्या पैशांत उरकला जातो. जॉब बिघडतो तो पुष्कळदा इथेच.

एंड मिल कटर धरण्याचे दोन रुळलेले मार्ग आहेत. पहिला कॉलेटचा. चिरा पाडलेली ही पोलादी नळी नट आवळला की चहूबाजूंनी मिटते आणि कटर मधोमध राहतो. सर्रास दिसणारी ईआर पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ साली आणली. ईआर ३२ च्या एका चकमध्ये कॉलेट बदलत २ ते २० मिलिमीटरपर्यंतचे कटर बसतात.

दुसरा मार्ग एंड मिल होल्डरचा. यात कटरच्या दांड्यावर सपाट खाच असते आणि बाजूचा स्क्रू तिच्यावर बसतो. कटर निसटण्याची भीती नाही. मात्र दांडा आत जावा म्हणून भोक किंचित मोठे ठेवावे लागते. स्क्रू आवळला की कटर एका अंगाला दाबला जातो, मध्य सरकतो आणि एक दात जास्त कापू लागतो. शिवाय प्रत्येक मापाला वेगळा होल्डर लागतो.

आपल्या घरांत मराठीत ‘घट्ट’ म्हणतात, कन्नडात ‘गट्टी’. मशीनवर मात्र घट्ट आणि नेमके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कटरचे दात पिळाचे असतात. जड कापणीत ते कटरला खाली ओढतात. कॉलेट झिजलेले वा तेलकट असेल, तर कटर नकळत उतरतो आणि खाच खोल होते. जॉबवर्कमध्ये कास्टिंग गिऱ्हाइकाचे असते. मजुरी तर बुडतेच, वर कास्टिंग भरून देण्याची वेळ येते.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक कॉलेट चक, नेहमी लागणारी कॉलेटे आणि रफिंगसाठी १६ किंवा २० मिलिमीटरचा एखादा होल्डर घ्यावा. भरड माल होल्डरने काढावा, शेवटचा हात कॉलेटने फिरवावा. खाच नसलेला कटर होल्डरमध्ये घालू नये. स्क्रू गोल दांड्यावर टिकत नाही. कॉलेट आधी नटमध्ये ‘टक्’ असे बसवावे, मगच कटर घालावा. आत बर राहिली तर महागडे कॉलेटही वाकडेच धरते.

कॉलेट पुसायला अर्धा मिनिट लागतो. मुलाला मशीन घेऊन देणाऱ्या वडिलांनी एक स्वच्छ फडकेही त्याच्या हाती द्यावे.