नोकऱ्यांचे आकडे आणि नवे वकील

विधी महाविद्यालये आपल्या पदवीधरांच्या नोकऱ्यांचे आणि वेतनाचे जे आकडे प्रसिद्ध करतात, त्यांवर विसंबून कोणी मुलांचे भवितव्य ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय मानांकनात विधी शिक्षणाचा समावेश २०१८ मध्ये झाला. तेथील माहिती महाविद्यालयेच भरून देतात; आणि वेतनाचा मध्यांक काढला जातो तो केवळ नोकरी लागलेल्यांचा. समजा, ६० पदवीधरांपैकी १५ जणांना नोकरी लागली. मध्यांक त्या पंधरांचा, उरलेले ४५ हिशेबाबाहेर. आकडा खरा, पण त्यावरून पालक काढतात तो निष्कर्ष चुकीचा.

शिवाय वकिली ही मुळात नोकरीच नव्हे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली सनद घेऊन सरदारपूर वा धारच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या तरुणाला बेकार म्हणावे की कमावता? नोकरीच्या तक्त्यात त्याला जागा नाही.

अमेरिकेत अशाच आकड्यांवरून पदवीधर न्यायालयात गेले. सॅन दिएगोच्या एका खटल्यात २०१६ मध्ये ज्यूरीने महाविद्यालयाच्याच बाजूने कौल दिला. तात्पर्य, चौकशी करायची ती प्रवेशापूर्वीच.

प्रवेश किती जणांनी घेतला, उत्तीर्ण किती झाले आणि तीन वर्षांनी वकिलीवर स्वतःचे पोट किती जण भरतात, हे पालकांनी लेखी मागावे. उत्तर मिळत नसेल, तर शेत गहाण टाकून शुल्क भरू नये.