विश्लेषण : न मिटणारी पापणी यंत्र मिटवू शकेल?

माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो आणि त्याची दखलही घेत नाही. चेहऱ्याची नस निकामी झाली, की हे काम थांबते. चारचौघांना वाकडे झालेले तोंड दिसते. डॉक्टरांना पहिली काळजी असते डोळ्याची. न मिटणाऱ्या डोळ्यावर अश्रूंचा थर पसरत नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कोरडा पडतो, त्यावर जखम होते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

सध्याचे उपाय काय?

बेल्स पाल्सीच्या बहुतेक रुग्णांची नस काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरते. तोवर डोळ्यात थेंब, मलम आणि रात्री चिकटपट्टी. नस सावरलीच नाही, तर वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅम वजनाची सोन्याची पट्टी बसवतात. पापणी खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. साहजिकच, रुग्ण आडवा झाला की हा उपाय तोकडा पडतो.

यंत्र काय करते?

दोन्ही पापण्या एकाच वेळी मिटतात. म्हणजे एक बाजू शाबूत असेल, तर मेंदूचा आदेश तिथे टिपता येतो. चष्म्याच्या फ्रेममधला सेन्सरही ते करू शकतो. तो आदेश विजेच्या सौम्य स्पंदांनी दुसऱ्या बाजूच्या स्नायूला द्यायचा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयातील संशोधकांनी नुकताच पक्षाघात झालेल्या ४० जणांवर त्वचेवरून असे स्पंद देऊन पाहिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५५ टक्के जणांचा डोळा पूर्ण मिटला.

आकडा आशादायक आहे, पण खरी कसोटी उरलेल्या ४५ टक्क्यांत आहे. स्पंद वाढवला तर वेदना होते, कमी केला तर पापणी अर्ध्यावर थांबते. शिवाय नसेपासून दीर्घकाळ तुटलेला स्नायू झिजतो. मग वीज देणार कुणाला? त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातील शल्यचिकित्सकांनी विजेवर आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पॉलिमरचा कृत्रिम स्नायू मृतदेहांवर तपासला. हे २०१० मधले. पाच वर्षांत रुग्णांना लाभ मिळेल, असा तेव्हाचा अंदाज होता. ती मुदत केव्हाच उलटली.

भारतात काय?

जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात आणि हा आजार चेहऱ्याच्या नसेवरही घाला घालतो. अशा रुग्णांवर जुनी, पण हुशार शस्त्रक्रिया करतात. कानशिलाजवळच्या, चावण्यासाठी लागणाऱ्या स्नायूचा पट्टा पापण्यांना जोडतात. दात आवळले की डोळा मिटतो. मात्र हे शिकावे लागते, दिवसभर आठवणीने करावे लागते. कुष्ठरोगात कॉर्नियाची संवेदनाही अनेकदा गेलेली असते, त्यामुळे डोळा खुपून आठवण करून देत नाही.

आपोआप चालणाऱ्या यंत्राची गरज इथे सर्वाधिक. पण यातील काहींच्या दोन्ही बाजूंच्या नसा बाधित असतात. अशा वेळी यंत्राने आदेश टिपायचा, तर शाबूत बाजूच उरलेली नसते.